जर्मनीत रुळताना या चुका टाळा

जर्मनीत नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना घर शोधण्यात आणि कागदपत्रांत मी बरीच वर्षे मदत करत आलो आहे. दर ऑक्टोबरला त्याच त्या चुका नव्या चेहऱ्यांनी माझ्यासमोर उभ्या राहतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे टपालपेटीवर आपले नाव न लावणे. येथे पत्त्यात सहसा फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचे आडनाव वाचतो आणि ते दिसले नाही तर पत्र परत पाठवतो. पुण्याहून आलेल्या एका तरुणाने दोन आठवड्यांच्या मुदतीत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, अगदी वेळेवर केली; मात्र पेटीवर मूळ भाडेकरूचेच नाव राहू दिले. मग कर क्रमांकाचे पत्र, बँकेचे कार्ड, वेगळ्या लिफाफ्यातून येणारा पिन आणि आरोग्य विम्याचे कार्ड हे सारे एकामागून एक परत गेले. कर क्रमांक न मिळाल्याने कंपनीने त्याचा पगार सर्वाधिक कपातीच्या सहाव्या करवर्गात धरला. जादा कापलेली रक्कम पुढे परत मिळाली खरी, पण तोवर भाड्यासाठी त्याला मित्रांपुढे हात पसरावे लागले. एवढे होऊनही ‘कोणाची ओळख आहे का’ हेच तो सगळ्यांना विचारत होता, आणि खाली जाऊन पेटी पाहावी असे त्याला सुचले नव्हते. किल्ली हाती आली की सामान वर नेण्याआधीच मी बेलवर आणि पेटीवर पासपोर्टवरील आडनावाची पट्टी लावून घेतो.

नोंदणी राहत्या जागीच करावी आणि त्यासाठी लागणारे घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र करारावर सही करतानाच मागून घ्यावे. मित्राच्या पत्त्यावर खोटी नोंदणी करण्याची पळवाट मला कोणी सुचवली की मी तेथेच बोलणे थांबवतो, कारण असा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी चूक हिवाळ्यातली. थंडीच्या भीतीने खिडक्या बंद ठेवायच्या, आत कुकरच्या शिट्ट्या काढायच्या आणि धुतलेले कपडे हीटरवर वाळत घालायचे, असा आपला खाक्या असतो. ती वाफ सर्वांत गार भिंतीवर, बहुधा बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे, जाऊन बसते आणि फेब्रुवारीत कपाट हलवले की मिरी सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. ती बुरशी असते. मग अनामत रकमेवरून वाद सुरू होतो, आणि ही रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणे हा आळशी उपाय आहे. त्याने हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार होते. सकाळी उठल्यावर, स्वयंपाकानंतर आणि झोपण्याआधी हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे सताड उघडाव्यात आणि कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध शनिवारीच आणावे. रात्री दहानंतर मिक्सर लावू नये. काचेच्या बाटल्या रविवारी कुंडीत टाकू नयेत, आणि प्लॅस्टिकच्या ज्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असते ती कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्र जाहिरात समजून फाडू नये; दरमहा १८.३६ युरोंचे हे शुल्क माणशी नसून घरटी असते, म्हणून सहनिवासी आधीच भरत असल्यास त्याचा शुल्क-क्रमांक कळवावा.

आल्या आल्या गाडी घेण्याची घाई करणारे पुष्कळ भेटतात, आणि नेमके तेच परवान्याचे काम मागे टाकतात. भारतीय परवाना येथे राहायला आल्यापासून सहसा सहा महिनेच चालतो. पुढे लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्यामुळे गाड्यांच्या जाहिराती पाहण्याआधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालावे.