सिलिंडरच्या ट्रॉलीवर मिरची

पाइपचा गॅस आला आणि सिलिंडरची चाकांची ट्रॉली माळ्यावर गेली, असं मुंबई-पुण्यात कितीतरी घरांत झालंय. गॅलरीत भाजी लावायची असेल तर ती खाली काढा. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली तिच्यावर छान बसते.

चाकं हवीत, कारण ऊन जागा बदलतं. मुंबईत साधारण 15 मेपासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला कललेला असतो. दक्षिणेच्या ज्या गॅलरीत थंडीत ऊन पार दारापर्यंत येतं, तिथे या दिवसांत दुपारी सावलीच असते. कुंड्या एकाच जागी ठेवून ‘आमच्याकडे काही जगतच नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं. शिवाय सोसायटीचं वॉटरप्रूफिंग निघालं की सगळं हलवावं लागतंच.

बादली पाण्यात कालवायच्या रंगाची घ्या. ऑइलपेंटची किंवा केमिकलची नको. भाजीवाल्याचा कड तुटलेला क्रेट पालेभाजीला उत्तम. आतून जुनी नायलॉनची साडी लावा, सुती कुजते. कोळणीकडचा थर्माकोलचा खोका हलका असतो, पण भरलेला उचलला की तळ सुटतो (माझा सुटलाय), म्हणून खाली प्लायचा तुकडा हवा. टायर मात्र नकोच. फोटोत झकास दिसतो, पण आतल्या खोबणीत पाणी साचतं आणि डेंगीचे डास होतात.

बादलीच्या तळाला करंगळीएवढी आठ-दहा भोकं पाडा. दोन-तीन भोकं बाजूला, तळापासून 2 सेंमी वर असू द्या. तळाची बुजली तरी पाणी निघून जातं.

आता भरण. नुसती लाल माती भरली तर भिजल्यावर ही बादली 30 किलोच्या वर जाते, मग चाकं असून उपयोग काय? तळाला नारळाच्या शेंड्या, वर सुका पाला आणि रसवंतीवाल्याकडचं चिपाड, दोन थरांमध्ये मूठभर शेणखत, आणि वरच्या तिसऱ्या हिश्श्यात माती-कंपोस्ट निम्मंनिम्मं. ताजं चिपाड कुजताना नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. ते आधी महिना-दोन महिने गोणीत ओलं करून ठेवा. भरण खचत जाईल, तसतसं वरून कंपोस्ट घाला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली होती. आपल्याकडे निदान भाजीची देठं तरी असतातच.

पहिलं पीक मेथीचं घ्या. डब्यातले दाणे रात्रभर भिजवून पेरा. तिला 15 सेंमी खोली पुरते आणि 25-30 दिवसांत ती काढायला येते. मिरची-टोमॅटोला 30 सेंमी खोली आणि पाच-सहा तास ऊन लागतं. कमी उजेडाच्या कोपऱ्यात अळू. पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून पाहा. ओल लागली तर घालू नका.

कठड्यावर काही ठेवू नका, खाली भिंतीलगतच ठेवा. आणि ट्रॉलीच्या चाकाला विटेचा तुकडा लावा. गॅलरीला पाणी जायला उतार असतो, आणि मिरच्यांनी लगडलेली बादली रात्रीत जाळीपाशी जाऊन थांबते.