अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांसाठी केअर सेंटर कसे पारखावे

पक्षाघात, डिमेन्शिया किंवा खुब्याचे हाड मोडल्यानंतर घरातल्या ज्येष्ठांना चोवीस तास माणूस लागतो. ते घरी जमेनासे झाले की पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांत केअर सेंटरची शोधाशोध सुरू होते. अमेरिकेत सरकार अशा संस्थांना एक ते पाच तारे देते आणि तपासणीचे अहवाल कुणालाही वाचता येतात. आपल्याकडे तशी सोय नसल्यामुळे पारख कुटुंबालाच करावी लागते. बाग, टीव्हीचा हॉल आणि देवघर दाखवायला वेळ लागत नाही. काळजी कशी घेतली जाते हे मात्र अंथरुणावरच्या माणसाची कातडी, तोंड, नखे आणि वजन यांवरून कळते. या गोष्टी चांगल्या राहतील की नाही हे रात्री किती माणसे जागी असतात यावर ठरते.

आधी रात्रीचे गणित मांडा

फोनवरच तीन आकडे विचारा: एकूण रहिवासी किती, त्यांतले अंथरुणाला खिळलेले किती आणि रात्री दोन वाजता जागे असणारे कर्मचारी किती. ‘चोवीस तास स्टाफ आहे’ हे उत्तर स्वीकारू नका. अनेक ठिकाणी मावशी आणि मामा, म्हणजे मदतनीस, तिथेच राहतात, दिवसभर राबतात आणि रात्री झोपतात. त्यांनी झोपू नये असे म्हणणे अन्यायाचे आहे, म्हणून रात्रपाळीला वेगळी माणसे हवीत.

समजा 30 रहिवासी आहेत आणि त्यांतले 12 जण स्वतः कूस बदलू शकत नाहीत. एकाला कुशीवर वळवणे, डायपर बघणे, ओले असेल तर पुसून बदलणे, चादरीच्या सुरकुत्या काढणे आणि पाठीशी, गुडघ्यांमध्ये उशी लावणे या कामाला दोन माणसे आणि साधारण दहा मिनिटे लागतात. 12 जणांचे 120 मिनिटे झाले. कूस दर दोन तासांनी बदलायची असते, म्हणजे एक फेरी संपते तेव्हा दुसरीची वेळ झालेली असते. रात्री दोनच मावशी असतील तर उरलेल्या 18 जणांपैकी कुणी बाथरूमला जायला हाक मारली की फेरी मोडते. एकच मावशी असेल तर फेरी होतच नाही, मग तक्त्यावर काहीही लिहिलेले असो. अशा ठिकाणी तीन-चार मदतनीस आणि एक नर्स जागी असायला हवी. तुम्ही बघत असलेल्या सेंटरचे आकडे या हिशेबात घालून बघा.

नर्सबद्दल बोलताना शिक्षण विचारा. एएनएम, जीएनएम (नर्सिंगचे अभ्यासक्रम) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते आणि तिचा क्रमांक दाखवता येतो. पांढरा कोट घातलेली प्रत्येक ‘सिस्टर’ नर्स असतेच असे नाही. इन्सुलिन देणे, नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) घालणे ही कामे कोण करते ते स्पष्ट विचारा.

किमान तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी

पहिली भेट वेळ ठरवून घ्या आणि मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी बोला. दुसरी न कळवता, दुपारच्या जेवणाच्या वेळी. तिसरी रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, कारण तेव्हा पाळी बदलते, माणसे कमी असतात आणि वरिष्ठ घरी गेलेले असतात. भेटीच्या ठराविक वेळा असणे समजण्यासारखे आहे. पण खोल्यांपर्यंत कधीच जाऊ देत नसतील तर तिथे थांबू नका.

आत शिरताच वास घ्या. नुकत्याच बदललेल्या डायपरचा वास येतो आणि जातो. गाद्यांत, भिंतींत मुरलेला लघवीचा उग्र वास किंवा तो झाकणारा फिनेल आणि अत्तराचा मारा म्हणजे गाद्या बदलल्या जात नाहीत आणि माणसे तासन्‌तास ओली राहतात.

मग माणसांकडे बघा. ओठ कोरडे, जिभेवर पांढरा थर आणि कवळी कपाटात असेल तर तोंड धुतले जात नाही. पाण्याचा पेला हाताला लागेल असा आहे का? चष्मा आणि श्रवणयंत्र अंगावर आहे की पिशवीत? बायकांचे केस सरसकट बारीक कापलेले दिसले तर विचारा. विंचरायला माणूस नाही म्हणून केस कापणे ही आयुष्यभर अंबाडा घातलेल्या बाईची विटंबना आहे. कपडे स्वतःचे आहेत की धुऊन आलेल्या ढिगातले कुणाचेही? डायपर बदलताना पडदा ओढतात का? कर्मचारी ‘जोशी काका’ म्हणतात की ‘सात नंबर’?

बेडसोरबद्दल नेमके विचारा

बेडसोर म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम. एकाच जागी सतत दाब पडला की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि तिथले मांस मरू लागते. त्यात लघवीची ओल असेल किंवा माणसाला उचलण्याऐवजी चादरीवरून ओढले जात असेल तर जखम लवकर होते. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्यांची पाती आणि डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा. लालसर भागावर बोट दाबून सोडा. तो क्षणभर पांढरा पडला नाही तर सुरुवात झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताला गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का ते बघायचे असते.

‘सध्या किती जणांना बेडसोर आहेत आणि त्यांतले किती इथे आल्यावर झाले?’ असा प्रश्न करा. ‘आमच्याकडे कधीच होत नाहीत’ या उत्तरापेक्षा ‘दोघांना आहेत, एक रुग्णालयातूनच घेऊन आले, हे ड्रेसिंगचे रजिस्टर’ हे उत्तर विश्वासाचे. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही असे कुणी म्हटले तर त्यांना काम येत नाही. पंप चालू आहे का, हवा भरली आहे का तेही बघा. पार्श्वभागाखाली रबरी कडे ठेवलेले दिसले तर तीही चूक आहे, कारण त्याने कडेच्या भागावर दाब वाढतो आणि मधले रक्त अडते. टाचा वाचवायच्या तर पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवतात.

जेवण भरवताना उभे राहून बघा

दुपारची भेट यासाठीच. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली, आणि भरवणाराही समोर बसलेला. आडवे ठेवून पेज ओतली तर ती श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. जेवणानंतर अर्धा तास तरी बसते ठेवायला हवे. नाकातून नळी असेल तर ती जागेवर असल्याची खात्री करूनच फीड देतात आणि डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवतात. एक मावशी एकाच वेळी किती जणांना भरवते ते मोजा. सावकाश गिळणाऱ्या एका माणसाला अर्धा तास सहज लागतो.

रात्रीचे जेवण किती वाजता, हे मधुमेहींसाठी विशेष महत्त्वाचे. स्वयंपाकघर लवकर बंद व्हावे म्हणून साडेसहाला जेवण आणि सकाळी सातला चहा असेल तर मध्ये साडेबारा तास जातात. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर पहाटे 70 च्या खाली गेली आणि कुणी जागे नसेल तर जिवावर बेतते.

औषधांचा तक्ता

सकाळी अकरा वाजता औषधांचा तक्ता मागा आणि रात्री नऊच्या डोससमोर आधीच सही झाली आहे का ते बघा. झाली असेल तर बाकीच्या नोंदींवरही विश्वास ठेवता येत नाही. इन्सुलिनच्या उघडलेल्या कुपीवर तारीख लिहिलेली हवी, कारण बहुतेक कुप्या उघडल्यावर साधारण 28 दिवसच वापरतात. नळीतून देण्यासाठी गोळ्या कुटत असतील तर नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असलेल्या गोळ्यांचे काय करतात ते विचारा. त्या कुटल्या की दिवसभरात हळूहळू सुटायचे औषध एकदम अंगात जाते.

डिमेन्शिया असलेल्यांच्या बाबतीत झोपेच्या आणि शांत करणाऱ्या औषधांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधे डिमेन्शियातल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी याबद्दलचा सर्वांत कडक इशारा 2005 पासून द्यायला सुरुवात केली. कधीकधी ती द्यावी लागतात, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीने, कारण लिहून आणि कुटुंबाला सांगून. दुपारी चार वाजता हॉलमध्ये सगळेच पेंगत असतील, तर रात्री माणसे कमी आणि गोळ्या जास्त असण्याची शक्यता धरा. हात पलंगाला बांधलेले दिसले तर कुणाच्या आदेशाने, किती वेळ आणि कधी सोडतात याची नोंद मागा.

इमारत आणि कागद

कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकलेली, बाथरूममध्ये पकडायला दांडा, बेल हाताच्या अंतरावर. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावते का ते प्रत्यक्ष बघा. बंगल्यात काढलेल्या सेंटरमध्ये बहुधा मावत नाही, मग खिळलेली माणसे तळमजल्यावरच हवीत. आग विझवण्याची यंत्रणा नीट चालते असे सांगणारा अग्निसुरक्षेचा दाखला, ‘फॉर्म बी’, परवानाधारक एजन्सी दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये देते. ताजा मागा. संस्थेची नोंदणी आणि शुश्रूषागृह कायद्याखालील नोंदणी असल्यास तिचीही प्रत घ्या.

करार सही करण्याआधी घरी आणून वाचा. डायपर, अंडरपॅड, ड्रेसिंग, फिजिओथेरपी आणि नळीचे फीड दरात धरले आहे का, डिपॉझिट किती दिवसांत परत, रुग्णालयात असताना महिन्याचे पैसे कापतात का, हे लिहून घ्या. रुग्णालयात सोबत कोण जाणार? 108 येईपर्यंत काय करतात? एक प्रश्न विचारायला जड जातो, तरी विचारा: रात्री मृत्यू झाला तर तपासायला आणि मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र द्यायला कोणते डॉक्टर येतील? त्याशिवाय अंत्यसंस्कार अडतात.

दाखल केल्यावर

पहिल्या दिवशीच वजन, टाचा आणि पाठीचे फोटो, सर्व औषधांची यादी अशी नोंद दोघांच्या सहीने करा. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन घटले तर डॉक्टरांना दाखवा. 50 किलोच्या आईचे अडीच किलो म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. उभे राहता येत नसेल तर पोटरीचा घेर दर महिन्याला एकाच जागी टेपने मोजा. परदेशात असलेल्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा बघू नये. आठवड्यातून एकदा, वेळ न ठरवता, पडदा ओढून टाचा आणि पाठ दाखवायला सांगावे. शहरातल्या एका नातेवाइकाने अधूनमधून अचानक जावे.

काही खटकले तर आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. हेळसांड चालूच राहिली तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे, जिल्ह्याचे समाजकल्याण कार्यालय आहे, आणि मारहाण किंवा उपासमारीचा संशय असेल तर थेट पोलीस ठाणे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे करार, पावत्या आणि तारखेसह काढलेले फोटो लागतात.