मांजरीच्या नसबंदीत भूल आणि वेदनाशमन
भूल देण्यापूर्वी मांजरीचे वजन काट्यावरच करावे. अंदाजाने ठरवलेली मात्रा ३ किलोच्या जिवाला सहज जास्त होते. वेदनाशामक चिरा देण्याआधीच टोचावे, कारण मज्जासंस्था एकदा वेदनेने उत्तेजित झाली की तीच वेदना आवरण्यास पुढे अधिक औषध लागते. भूल असेपर्यंत एका सहायकाने, दुसरे कोणतेही काम अंगावर न घेता, श्वास, नाडी, हिरड्यांचा रंग व तापमान दर ५ मिनिटांनी नोंदवावे. टाके पडले की सगळ्यांचीच नजर ढिली पडते, आणि धोका नेमका तेव्हाच असतो: भुलीशी संबंधित मृत्यूंपैकी बरेचसे नंतरच्या पहिल्या ३ तासांत होतात. म्हणून ती पुरती शुद्धीवर येऊन तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचेपर्यंत तिला उबेत, नजरेसमोर ठेवावे. घरी पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. मांजरीला ते विषच आहे.