मागची मोरी बंद करायला गेलो आणि नकाशा वाचायला शिकलो

मुलुंडला तळमजल्यावर राहतो. पावसाळ्यात किचनच्या मागच्या पट्टीत, मोरीजवळ ठेवलेल्या वॉशिंग मशीनवर झड यायची, म्हणून अॅल्युमिनियम सेक्शन आणि पत्रा टाकून ती बंद करायचं ठरवलं. फॅब्रिकेटर म्हणाला, "सगळेच करतात." तीन अँगल उभेही झाले.

तेवढ्यात सेक्रेटरी काका इमारतीच्या मंजूर नकाशाची पिवळी पडलेली प्रत घेऊन आले. आम्ही दोघांनी टेप धरला. ज्या पट्टीला मी 'माझी' म्हणत होतो, ती इमारतीची मोकळी सोडलेली बाजू निघाली. शिवाय एका अँगलखाली ड्रेनेजचं चेंबर! झाकण उघडायला सफाईवाल्याने माझ्या घरातून यायचं का?

डीसीपीआर 2034, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे अशी जागा आकाशाला उघडी राहायला हवी. सोसायटीने एनओसी दिली तरी हे बदलत नाही. महापालिकेची कलम 351 ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची नोटीस आली असती तर तोडायचा खर्चही माझाच.

अँगल काढले. मशीन आत, सिंकशेजारी घेतलं. प्लंबरने दुपारभरात पाइप फिरवला. झडीपुरती ताडपत्री हवी होती, तिच्यासाठी तात्पुरत्या पावसाळी शेडचा अर्ज वॉर्ड ऑफिसात केला. अँगलचे पैसे मात्र फॅब्रिकेटरने अर्धेच परत दिले.