स्लीप ॲप्नियाचं मशीन घेताय? या चुका टाळा

झोपेच्या चाचणीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण त्याच रात्री मोबाइलवर मशीन शोधायला बसतात. मीही बसलो. तासाला ३४ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो असं वाचल्यावर स्वस्थ कोण झोपेल? दोन तास खर्चून मी मशीनचा आवाज, वजन आणि स्क्रीन यांची तुलना केली. मास्क मात्र जो पहिला दिसला तो मागवला. पुढचे तीन आठवडे जो वैताग झाला तो त्या मास्कपायी. मशीनचा त्यात काही दोष नव्हता.

सगळं लक्ष मशीनवर, मास्क उरल्यासुरल्या वेळात

सीपॅप, म्हणजे झोपेत घसा बंद पडू नये म्हणून मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं हे मशीन, शेवटी हवा ढकलणारा पंखाच. नेहमीची मशीन ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका दाब देतात, आणि हे काम कुठलंही बऱ्यापैकी मशीन नीट करतं. रात्रभर चेहऱ्याला चिकटून राहायचं असतं ते मास्कला. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार जगापुढे मांडला, तेव्हा मास्क रोज रात्री सिलिकॉनने नाकावर चिकटवावा लागे. त्या मानाने आपण सुखी, पण अडचणीचं मूळ अजूनही तिथेच आहे.

मास्क मुख्यतः तीन तऱ्हेचे: नाकपुड्यांना टेकणारे छोटे ‘नेझल पिलो’, फक्त नाक झाकणारा नेझल आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. ‘मी तोंड उघडं ठेवून झोपतो’ म्हणत लोक थेट फुल फेसकडे वळतात. पण पुष्कळदा तोंड उघडतं ते नाक चोंदलेलं असतं म्हणून. ॲलर्जी, नाकाचा वाकडा पडदा, जुनी सर्दी यांचा बंदोबस्त आधी करावा. फुल फेसला चेहऱ्यावर टेकायची कडा जास्त, म्हणून हवा निसटायच्या जागाही जास्त. त्याचे पट्टे खालचा जबडा मागे ढकलू शकतात, त्यामुळे काहींना दाबही जास्त लागतो. नाकाने श्वास घेणं खरंच जमत नसेल तर फुल फेसच योग्य. मात्र ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही किंवा ज्याला उलटी होण्याची शक्यता आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नये.

दुसरी चूक खुर्चीत बसून मास्क लावून बघण्याची. आडवं झालं की गालांचं मांस सरकतं आणि बसलेला मास्क उठतो. म्हणून मशीन चालू करून, ठरलेल्या दाबावर, उताणं आणि दोन्ही कुशींवर दहा-पंधरा मिनिटं पडून पाहा. घेण्याआधी मास्क बदलून मिळतो का हेही विचारा. पहिलाच मास्क जमेल असं धरून चालू नका. दाढी असेल तर दाढीसकटच करून पाहा.

हवा निसटली की पट्टे आवळणं

हे तर प्रत्येक जण करतो. मास्कच्या कडेची पातळ पडदी हवेने फुगून चेहऱ्यावर बसते. पट्टे करकचून आवळले की ती दबते, गळती वाढते आणि नाकावर वळ उठतात. हवा चालू असताना मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, पडदी फुगू द्या, मग अलगद टेकवा. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. झोपण्याआधी तोंड धुवा आणि मास्कची कडा रोज पुसा. तेलकट कातडीवर काहीच टिकत नाही.

मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यातून सतत सूं आवाज येतो. ती गळती नव्हे. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. आवाज नको म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारे महाभाग आहेत. कृपा करून तसं करू नका.

रिपोर्टमधला एकच आकडा बघणं

तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला तर सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, एवढं सगळ्यांना पाठ होतं. पण घसा बंद पडून श्वास थांबतो की मेंदूकडून श्वासाचा इशाराच येत नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. दुसऱ्या प्रकाराला सेंट्रल ॲप्निया म्हणतात, आणि त्याला साधं ऑटो मशीन (गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारं) पुरेलच असं नाही. त्यासाठीच्या एएसव्ही मशीनबद्दल (हे श्वासागणिक आधार कमी-जास्त करतं) २०१५ साली एक मोठा अभ्यास आला. हृदयाची पंपाची ताकद बरीच घटलेल्या, मुख्यतः सेंट्रल ॲप्नियाच्या रुग्णांमध्ये त्या मशीनने हृदयविकाराचे मृत्यू वाढले. तेव्हा ‘महागडं ते चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही. मशीनचा प्रकार डॉक्टरांनीच ठरवावा.

ऑटो मशीन ४ ते २० वर तसंच सोडणं हीही नेहमीची चूक. ४ वर अनेकांचा जीव गुदमरतो आणि ते मास्क काढून फेकतात. खालची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि मशीन असं घ्या, जे रोजचा ॲप्नियाचा आकडा आणि गळती दोन्ही नोंदवतं. नुसते वापराचे तास दाखवणाऱ्या मशीनवरून काय बिघडलंय ते कळत नाही.

बाकीचं

नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येत असेल तर मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, नळीला कापडी आवरण घाला किंवा गरम होणारी नळी घ्या. ह्युमिडिफायरमध्ये (हवा दमट करणाऱ्या टाकीत) डिस्टिल्ड पाणीच घाला, नाहीतर टाकीत क्षार बसतात. सकाळी पोट फुगत असेल तर झोपेत हवा गिळली जाते आहे. दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला.

जुनं मशीन घेत असाल तर अनुक्रमांक नक्की तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने आवाज दाबणारा फोम झिजत असल्यामुळे आपली अनेक मशीन परत बोलावली. ओझोनने साफ करणारी यंत्रंही टाळा, त्याने तो फोम आणखी लवकर खराब होऊ शकतो. मास्क आणि नळीला कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

बॅटरीवर मशीन चालवायची वेळ आली तर ह्युमिडिफायर आणि नळीची उष्णता बंद करा. वीज खातात ती हीच दोन. नुसत्या पंख्यावर बॅटरी कितीतरी जास्त वेळ टिकते.