मोटरहोम गावाबाहेर, समुद्रकिनारा बसने

समुद्रकाठच्या पर्यटनगावात मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन जायचे असेल, तर ते गावात शिरू न देणे उत्तम. गाडी बाहेरच्या कॅम्पसाइटवर, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागी, उभी करावी आणि किनाऱ्यावर बस, रेल्वे, फेरीबोट किंवा सायकल यांपैकी जे सोयीचे असेल त्याने जावे. मोटरहोम साधारण ६ ते ७.५ मीटर लांब, आरसे सोडून २.३ मीटरच्या आसपास रुंद आणि २.६ ते ३.२ मीटर उंच असते. पार्किंगमधली एका मोटारीची जागा जेमतेम ५ मीटर लांबीची. त्यातून किनाऱ्यालगतच्या बऱ्याच पार्किंगच्या तोंडाशी दोन-सव्वादोन मीटर उंचीवर आडवा दांडा असतो. तो नजरेस पडेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागलेली असते आणि मागे घ्यायला वाव राहत नाही.

मुक्काम कुठे करायचा हे ठरवताना समुद्र दिसतो का, हा प्रश्न नंतरचा. आधी परतीची शेवटची बस किती वाजता सुटते ते पाहा. संध्याकाळी सहालाच बस बंद होत असेल, तर सूर्यास्त आणि रात्रीचे जेवण दोन्ही हातचे जातात. वेळापत्रक वाचताना तारीख आणि वार तपासा. पर्यटनगावांत हंगामाचे आणि हंगामाबाहेरचे वेळापत्रक वेगळे असते, रविवारी आणि सुटीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात, आणि काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवसांतच धावतात. सगळ्यात जास्त फसगत होते ती या शेवटच्या प्रकारात, कारण नेमके सुटीतच आपण तिथे जातो.

दुसरी गोष्ट, कॅम्पसाइटपासून थांब्यापर्यंतचा रस्ता. एक किलोमीटर म्हणजे मोठ्या माणसाला १२ ते १५ मिनिटे. लहान मुले आणि ओले सामान सोबत असेल तर २० ते २५ धरा. पण अंतरापेक्षा पदपथ आहे की नाही हे महत्त्वाचे. पदपथ नसलेल्या वळणावळणाच्या रस्त्यावरून अंधारात परतायचे असेल, तर दुसरी जागा शोधलेली बरी. इलाज नसेल तर टॉर्च आणि फिकट रंगाचे कपडे जवळ असू द्या, आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकामागे एक चाला.

पोहोचलात त्याच संध्याकाळी थांब्यापर्यंत एक फेरी मारून या. जाण्याचा आणि येण्याचा थांबा समोरासमोर असतोच असे नाही. दोन्हींची नावे, बसचा क्रमांक आणि फलकावरचे वेळापत्रक यांचे फोटो काढून ठेवा, कारण गर्दीच्या किनाऱ्यावर मोबाइलचे नेटवर्क अनेकदा दगा देते. आडवाटेच्या थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही, तेव्हा बस दिसताच हात पुढे करा. दोनपेक्षा जास्त वेळा चढउतार होणार असेल, तर दिवसभराच्या पासची चौकशी करा.

परतीसाठी शेवटची नव्हे, तिच्या आधीची बस पकडायची असे ठरवून निघा. ती भरून गेली किंवा चुकली, तर हाताशी आणखी एक राहते. दुपार कलली की सगळा किनारा एकदम उठतो आणि समुद्रासमोरच्या थांब्यावर बस आधीच भरलेली येते. अशा वेळी एक-दोन थांबे मागे, शक्य असेल तर बस जिथून सुटते तिथे, चालत जा. दहा मिनिटांच्या या पायपिटीने बसायला जागा मिळते. हवेने फुगवलेल्या वस्तू आधीच रिकाम्या करा, वाळू झटका आणि ओले कपडे बंद पिशवीत भरा. साधी सायकल बसमध्ये बहुधा घेत नाहीत. घडीची सायकल पिशवीत घालून चालते का, ते आधी विचारा.

जाण्याचा दिवस भरती-ओहोटी पाहून ठरवा. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. तेव्हा काही किनाऱ्यांवर बसण्यापुरतीही वाळू उरत नाही. फेरीबोटीच्या फेऱ्याही भरती आणि वाऱ्यावर अवलंबून असतात, म्हणून बोटीने जाणार असाल तर परतीच्या बसचा पर्याय लिहून ठेवा.

दिवसभर गाडी एकटी राहणार, तेव्हा निघण्यापूर्वीची दहा मिनिटे घाई करू नका. ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला बाहेर ओढायचे कापडी छत, गुंडाळा. समुद्रावरचा वारा दुपारी वाढतो आणि उघड्या ऑनिंगचे हात वाकवतो. छतावरच्या खिडक्या लावा. पाण्याच्या पंपाचा स्विच बंद करा, नाहीतर एखादा गळका नळ टाकी रिकामी करील.

फ्रिजचा विचार वेगळा करावा लागतो. गॅस, गाडीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट आणि बाहेरची (कॅम्पसाइटवरची) वीज अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज १२ व्होल्टवर फक्त गाडी चालू असताना वापरायचा असतो. तो १० ते १५ अँपिअर ओढतो, म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी चार-पाच तासांत निम्मी होते. बाहेरची वीज असेल तर ती लावा, नसेल तर गॅसवर ठेवा, आणि बाकी गॅस उपकरणांचे कॉक बंद करा. गॅसवर ठेवताना गाडी समपातळीत हवी, कारण तिरकी राहिली तर हा फ्रिज नीट गार करत नाही. त्याच्या बाहेरच्या जाळ्या वाऱ्याच्या आडोशाला येतील अशी गाडी लावा, नाहीतर ज्योत विझते आणि संध्याकाळी दूध नासलेले मिळते.

इलेक्ट्रिक सायकल नेणार असाल तर तीही बाहेरच्या विजेवरच चार्ज करा. तिची बॅटरी ४०० ते ५०० वॅट-अवरची असते. गाडीच्या १०० अँपिअर-अवरच्या लेड-अॅसिड बॅटरीतून वापरता येण्याजोगे ६०० वॅट-अवरच मिळतात, आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली तर एका चार्जिंगमध्येच ती जवळजवळ संपते.

कुत्र्याला गाडीत ठेवून जाऊ नका. उन्हात बंद गाडी फार झपाट्याने तापते. बसमध्ये आणि किनाऱ्यावर त्याला परवानगी आहे का, हे आदल्या दिवशीच पाहा.

परतल्यावर पाय दाराबाहेरच पाण्याच्या टबात धुवा. वाळू सरकत्या दारांच्या खाचांत आणि शॉवरच्या जाळीत अडकते. मुक्काम हलवताना पायरी, कुलपे आणि गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्या, कारण खारी हवा आधी सरकत्या पायरीचे सांधे गंजवते.