केबल मोडेमची फ्लॅश चिप ‘सापडत नाही’ तेव्हा

मोडेम-राउटर दुरुस्तीत नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, “क्लिप लावली, प्रोग्रामर जोडला, पण सॉफ्टवेअर म्हणतंय चिपच नाही. चिप गेली का?” क्लिप म्हणजे चिपच्या पायांना पकडणारा चिमटा, प्रोग्रामर म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र, आणि फ्लॅश चिप म्हणजे मोडेमचं सॉफ्टवेअर साठवणारी चिप. खरोखर मेलेली फ्लॅश चिप माझ्या टेबलावर क्वचितच येते. बहुतेक वेळा चिप धडधाकट असते. आपला प्रश्न तिच्यापर्यंत पोचत नसतो, नाहीतर तिचं उत्तर आपल्यापर्यंत येत नसतं. मधे कुठे अडलंय ते क्रमाने शोधायचं, एवढंच काम आहे. पण क्रम मात्र सोडायचा नाही.

चिपला हात लावायच्या आधी एक बघा. बोर्डावर सिरियल कन्सोलचे (मोडेमचे संदेश कॉम्प्युटरवर वाचायच्या जोडणीचे) तीन-चार पॅड असतील तर तिथे ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल जोडा, ११५२०० गतीवर ठेवा आणि मोडेम चालू करा. बूटलोडर (मोडेम चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) पडद्यावर काहीतरी छापत असेल तर तो फ्लॅशमधूनच वाचला गेलाय, म्हणजे चिप जिवंत आहे. बरेच बूटलोडर नेटवर्कवरून फर्मवेअर (मोडेमचं मुख्य सॉफ्टवेअर) घ्यायची सोयही देतात. तसं असेल तर क्लिपची गरजच पडत नाही.

आणि दुसरं, मोडेम कोणाचा आहे ते विचारा. आपल्याकडे तो पुष्कळदा केबलवाल्याचा असतो, ग्राहकाकडे फक्त वापरायला दिलेला. अशा मोडेमला परवानगीशिवाय हात लावू नये. केबल मोडेमच्या फ्लॅशमध्ये बूटलोडर आणि फर्मवेअरशिवाय त्या यंत्राची स्वतःची ओळखही असते: मॅक पत्ता (नेटवर्कवरचा यंत्राचा क्रमांक), सिरियल नंबर आणि डॉक्सिस या केबल मोडेमच्या मानकाच्या १.१ आवृत्तीपासून आलेलं डिजिटल प्रमाणपत्र, जे त्याच मॅकशी बांधलेलं असतं. म्हणून दुसऱ्या मोडेमचा डंप (चिपमधल्या सगळ्या माहितीची प्रत) आणून यात ओतायचा नाही. ओळख उसनी घेऊन लाइन चालवणं ही सरळ चोरी आहे, आणि ज्याची ओळख उचलली त्याची लाइन बंद पडू शकते ती वेगळीच. आपलं काम त्याच यंत्राचा डंप दुरुस्त करून त्याच यंत्रात परत घालण्याचं.

आता चिप. टॉर्च तिरपा धरून अक्षरं वाचा. पुसट असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा आणि ओलं असतानाच वाचा, छपाई उठून दिसते. नाव पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट, कारण घोटाळा तिथेच असतो. विनबॉन्डची डब्ल्यू२५क्यू१२८एफव्ही ही ३.३ व्होल्टची, डब्ल्यू२५क्यू१२८एफडब्ल्यू ही १.८ व्होल्टची. मॅक्रोनिक्समध्ये एमएक्स२५एल म्हणजे ३ व्होल्टची जात, एमएक्स२५यू म्हणजे १.८ ची. १.८ च्या चिपला ३.३ व्होल्ट दिले तर ती जळू शकते, आणि मग ती खरोखरच सापडणार नाही. अशा चिपसाठी मधे १.८ चा ॲडॉप्टर लागतो. डब्ल्यू२५एन असं दिसलं तर ती नेहमीची नॉर जातीची फ्लॅश नाही, नँड जातीची आहे. तिचं आयडी वाचताना आधी एक रिकामा बाइट येतो, त्यामुळे साध्या नॉरसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर तिला ओळखत नाही. तिथे क्लिप हलवत बसून काही हाती लागत नाही.

चिप ओळखण्यासाठी प्रोग्रामर तिला ‘९एफ’ ही आज्ञा पाठवतो. ही हजेरी घेण्यासारखी गोष्ट आहे. उत्तरात तीन बाइट येतात: बनवणारी कंपनी, जात आणि क्षमता. ‘ईएफ ४० १७’ म्हणजे विनबॉन्ड, ८ एमबी. ‘ईएफ ४० १८’ म्हणजे १६ एमबी. मॅक्रोनिक्सचा पहिला बाइट ‘सी२’, गिगाडिव्हाइसचा ‘सी८’. तिसऱ्या बाइटचं गणित या नेहमीच्या चिपांमध्ये सरळ आहे: १७ हेक्स (सोळाच्या पायावरची संख्या) म्हणजे दशमानात २३, आणि २ चा २३ वा घात म्हणजे ८ एमबी.

‘चिप नाही’ या वाक्यावर थांबू नका. फ्लॅशरॉम हे चिप वाचायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर सविस्तर माहितीचा पर्याय लावून चालवा आणि चिपने नेमके कोणते बाइट दिले ते बघा. सगळे ‘एफएफ’ आले तर बहुधा लाइनवर कोणीच बोलत नाही: क्लिप टेकलेली नाही, किंवा चिप सिलेक्टची (चिपला हाक मारणारी) तार तुटली आहे. सगळे ‘००’ आले तर वीज नाही, शॉर्ट आहे किंवा कोणीतरी लाइन खाली दाबून धरलीय. दर वेळी वेगळं उत्तर आलं तर ती सगळ्यात आशेची खूण. चिप बोलतेय, फक्त आवाज खराब येतोय. आणि तेच तीन बाइट दर वेळी नेमके येत असतील, पण सॉफ्टवेअरला त्या नावाची चिप माहीत नसेल, तर हार्डवेअरचं काम संपलं. सॉफ्टवेअर नवीन घ्या.

क्लिपकडे नीट बघा. आठ पायांच्या चिपमध्ये दोन रुंदीच्या जाती येतात. १५० मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंगाने सुमारे ३.९ मिलिमीटर असते, २०८ मिलची सुमारे ५.३. स्वस्तातली क्लिप एकीवर घट्ट बसते, दुसरीवर घसरते. पायांवर सोल्डरिंगला लागणाऱ्या फ्लक्सचा चिकट थर किंवा संरक्षक लेप असेल तर दात धातूपर्यंत पोचतच नाहीत. ब्रशने घासून घ्या. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी अखंड आहे का ते तपासायच्या खुणेवर) ठेवून एक टोक तारेच्या प्रोग्रामरकडच्या शेवटावर आणि दुसरं थेट चिपच्या पायावर टेकवा. क्लिपच्या दातावर नाही, चिपच्या पायावर. आठही तपासा. चिपवरचा ठिपका म्हणजे पाय १, आणि लाल तार तिकडे. क्लिप उलटी बसली तर ८ चा पाय ४ च्या जागी येतो, म्हणजे वीज आणि ग्राउंडची अदलाबदल. म्हणून आधी क्लिप, मग तपासणी, आणि सगळ्यात शेवटी यूएसबी.

पाय ३ म्हणजे राइट प्रोटेक्ट आणि पाय ७ म्हणजे होल्ड. होल्ड खाली राहिला तर चिप गप्प बसते. दोन्ही पाय वर, म्हणजे चिपच्या व्होल्टेजला असायला हवेत. बाजारातला काळा सीएच३४१ए प्रोग्रामर नवशिक्यांच्या हातात सर्रास दिसतो. त्याच्या पुष्कळ बोर्डांत वीज ३.३ व्होल्टची असली तरी डेटाच्या लाइन ५ व्होल्टला जातात. मीटर लावून बघा, आणि तसं असेल तर दुरुस्त केल्याशिवाय वापरू नका. रास्पबेरी पाय हाताशी असेल तर तो जास्त बरा: पिना मुळातच ३.३ च्या आणि फ्लॅशरॉममध्ये गतीही कमी करता येते. लांब तारा आणि जास्त गती एकत्र आल्या की आयडी बिघडतं. तारा वीतभरापेक्षा लांब नकोत.

एवढं करूनही चिप सापडत नसेल तर कारण बहुतेक एकच असतं, बोर्डावरचा प्रोसेसर. मोडेमची मुख्य ३.३ व्होल्टची वीजवाट आणि चिपचा पाय ८ हे जोडलेले असतात. प्रोग्रामरने चिपला वीज दिली की ती पूर्ण बोर्डात पसरते, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि स्वतःच फ्लॅश वाचायला लागतो. एका लाइनवर दोन मालक होतात. माझ्याकडे एक मोडेम आला होता, फर्मवेअर अपडेट चालू असताना वीज गेलेली. क्लिप लावली की एकदा ‘ईएफ ४० १८’, लगेच ‘०० ०० ००’, मग काहीतरी भलतंच. समोरचे एलईडी मंद पेटत होते आणि ते बघितल्यावरच रोग कळला. पाय ८ वर मीटर टेकवला तर क्लिप मोकळी असताना ३.३ आणि बोर्डावर लावली की २.३ च्या आसपास. अशा चिपला किमान २.७ लागतात. प्रोग्रामरची सगळी ताकद बोर्ड खात होता.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, चिपच्या वीजवाटेवर छोटा फेराइट (विजेतला गोंगाट गाळणारा भाग) किंवा शून्य ओहमचा रेझिस्टर असेल तर तो काढणं. त्या मोडेममध्ये तो होता. काढल्यावर आयडी एकदम स्थिर आलं. दुसरा, पाय ८ तापवून खालून सुई सरकवून केसभर उचलणं. केसभरच, कारण पाय दोन-तीनदा वाकवला की तुटतो. तिसरा, बोर्डाला त्याच्या स्वतःच्या ॲडॉप्टरने चालवून प्रोसेसरची रीसेट लाइन ग्राउंडला धरणं. यात प्रोग्रामरची वीजतार पूर्ण सोडवायची. दोन्हीकडून वीज एकाच वेळी कधीच नाही. मोडेमच्या मागचं रीसेट बटण इथे सहसा कामाचं नसतं. ते बटण सॉफ्टवेअर वाचतं, प्रोसेसरच्या रीसेट पिनशी त्याचा संबंध नसतो. कोॲक्सची केबलही काढून ठेवा. तिच्या जाळीचं ग्राउंड आणि तुमच्या कॉम्प्युटरचं ग्राउंड यांत फरक असू शकतो.

कधीकधी पाय उचलूनही जमत नाही, कारण विजेविना बसलेला प्रोसेसरसुद्धा डेटाच्या लाइन आपल्याकडे ओढतो. मग हॉट एअरने (गरम हवेच्या यंत्राने) चिप काढून सॉकेटमध्ये वाचायची. हे शेवटचं, पण घाबरण्यासारखं नाही. आजूबाजूला कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप लावा, फ्लक्स हात न आखडता वापरा आणि टिन वितळल्याशिवाय चिमटा ओढू नका, नाहीतर पॅड उपटून येतात. टाकाऊ बोर्डांवर हात बसवून मगच ग्राहकाच्या बोर्डाकडे वळा.

जुने मोडेम थोडे वेगळे. मोटोरोलाचा सर्फबोर्ड एसबी५१०० घ्या, ब्रॉडकॉमचा बीसीएम३३४८ प्रोसेसर असलेला. त्यात फ्लॅश समांतर जातीची, पुष्कळ पायांची. तिला क्लिप लागत नाही, प्रोसेसरच्या जेटॅगमधून, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेल्या पिनांमधून, जावं लागतं. इथे दोन पायऱ्या वेगळ्या ठेवा. आधी प्रोसेसरचा ३२ बिटांचा ओळख क्रमांक बघा. सगळे एक किंवा सगळे शून्य आले तर फ्लॅशचा विचारच करू नका, जेटॅगच चालू नाही. या क्रमांकाचा शेवटचा बिट नेहमी १ असतो, म्हणून सम संख्या आली तर तीही कचरा समजा. क्रमांक बरोबर आला आणि फ्लॅश तरी सापडली नाही, तर वॉचडॉग (प्रोसेसर अडकलाय असं धरून त्याला रीसेट करणारा टायमर) मधेच प्रोसेसर रीसेट करतोय का बघा. पत्त्याची खिडकीही तपासा: यातला मिप्स जातीचा प्रोसेसर १एफसी००००० या पत्त्यापासून सुरू होतो. बाइटांचा क्रम उलटा लागलाय का तेही बघा. राउटरसाठी लिहिलेली बरीच साधनं लिटल एंडियन (लहान बाइट आधी) धरून चालतात, हे मोडेम मात्र बिग एंडियन (मोठा बाइट आधी). थेट मेमरी वाचण्याची सोय काही प्रोसेसरांत नसते, तेव्हा साधनातला तो पर्याय बंद करून हळू मार्गाने वाचा.

आयडी आलं म्हणून लगेच राइट दाबू नका. आधी पूर्ण चिप दोनदा वाचा, मधे क्लिप काढून परत लावा आणि दोन्ही फाइलींचं शा-२५६ (फाइलीतून काढलेला ठसा) जुळवा. जुळलं तरी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून बघा, कारण नुसत्या ‘एफएफ’च्या दोन फाइलीही एकमेकींशी तंतोतंत जुळतात. आत वाचता येणारी अक्षरं, बूटलोडरचा मजकूर आणि लेबलवरचा मॅक पत्ता सापडला पाहिजे. ही मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि तिच्या प्रतीवरच काम करा. फर्मवेअरचा बिघडलेला भाग तेवढा बदला. ओळखीचा आणि प्रमाणपत्राचा भाग जसाच्या तसा राहू द्या.

सामान घ्यायला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. प्रोग्रामर स्वस्त घेतलात तरी चालेल, पण क्लिपवर पैसे वाचवू नका, आणि दुकानातच तिचे आठही दात सरळ रेषेत आहेत का ते डोळ्यांसमोर धरून बघा. चांगला मल्टिमीटर, फ्लक्स, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि १.८ व्होल्टचा ॲडॉप्टर पहिल्याच फेरीत घ्या. हॉट एअर पुढे घेतलं तरी भागतं.